पेटी परत मिळण्याबाबत

४ ऑगस्ट

दादा,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांनी दोन ओळी, म्हणजे वर्षाला एक पडली. "बाबांची काचांची पेटी मला हवी आहे. महिनाअखेरीस कुणाला तरी घ्यायला पाठवतो." तू कशी आहेस नाही, बाबा कसे आहेत नाही. कुरिअरवाल्याशीसुद्धा माणूस यापेक्षा जास्त बोलतो.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू मध्येच "आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि नेमकं तेव्हाच मला काहीतरी खरं बोलायचं असतं. पत्रात आवाज तुटत नाही.

आधी पेटीचं. पेटी मिळणार नाही. कुणाला पाठवू नकोस, उगाच त्या बिचाऱ्याला आपला जिना चढावा लागेल. पेटी सुखरूप आहे. ऊन नाही, धूळ नाही, दमट हवा नाही. तुझ्या-माझ्यापेक्षा तिचं बरं चाललंय. याहून जास्त आत्ता सांगत नाही.

आणि तुला ती हवी कशाला? त्याच पेटीवरून तू घर सोडलंस ना? दुकानात मशीन तू आणलंस. गिऱ्हाइकानं हनुवटी टेकवायची, आत बघायचं, की चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी बाहेर. बाबा ती चिठ्ठी पेपरवेटखाली सरकवायचे, पेटी उघडायचे, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासायची जड फ्रेम चढवायचे आणि एकेक काच घालत विचारायचे, "आता कसं दिसतंय? आणि आता?" रोज. प्रत्येकाला. मी काउंटरवर बसून तुझे कान लाल होताना बघत होते. मग एक दिवस सगळ्यांदेखत तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. बाबांनी पेटी मिटली आणि तू बॅग भरलीस. आता तीच पेटी हवी!

बाबा बरे आहेत. हात थोडा कापतो. दुकान बंदच आहे, तरी सकाळी शटर अर्धं वर करून आत बसतात, न विकलेल्या फ्रेम पुसत. तुझं मशीन चादरीखाली आहे. ती चादर मात्र दर रविवारी धुतात, मला हात लावू देत नाहीत.

माझं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. संग्रहालयशास्त्राचं हे दुसरं वर्ष. आत्या म्हणते, "जुनं सामान सांभाळायला शिकायचं तर कॉलेज कशाला? संसार कर." आधी राग यायचा, आता वाटतं तिचं अगदीच चुकत नाही. आमचं संग्रहालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला जुनी रसायनशाळा. तिथे आता भांडार आहे. बेसिनवर फळ्या टाकून वस्तू मांडल्यात, आणि अजूनही कसलंसं आम्ल नाकाला झोंबतं. किल्ली फक्त सरांकडे. सर आमचे विभागप्रमुख. खरं तर विभागही तेच. पहिलं अख्खं वर्ष आम्ही बुटांचा रिकामा खोका दोन हातांनी उचलायला शिकलो. हसू नकोस. उचलण्याआधी मोठ्यानं सांगायचं, "मी हा उचलतेय आणि त्या टेबलावर ठेवणार आहे." सवय इतकी लागली की घरी दुधाचं पातेलं उतरवताना तेच म्हणाले. बाबा म्हणाले, "कुणाला सांगतेस? दुधाला?"

सुट्टीत अनुभवासाठी मोठ्या संग्रहालयात पाठवलं. महिनाभर मी सामान ठेवायच्या खिडकीत बसून लोकांच्या पिशव्यांना टोकनं दिली. महिन्याभरात लोकांनी मला एकच प्रश्न विचारला: स्वच्छतागृह कुठे आहे. ते दालन मी डोळे मिटून दाखवीन.

तर असं. पेटीचा विषय माझ्यापुरता संपला.

तुझी, नाइलाजानं,
धाकटी बहीण


२१ ऑगस्ट

दादा,

आत्याला फोन करून चौकशी केलीस म्हणे. हेरच नेमायचा तर तोंड बंद ठेवणारा नेमायचास. काल संध्याकाळी आली, माझ्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "मी त्याला काहीएक सांगितलं नाही हो. पेटी कॉलेजात आहे एवढंच बोलले."

आता लपवण्यात अर्थ नाही. हो, पेटी कॉलेजात आहे. आणि "विकलीस का?" हे तू तिला विचारलंस, ते मला लागलं. मी विकीन? तुझ्या डोक्यात असलं येतं तरी कसं?

झालं असं. गेल्या वर्षी सरांनी प्रत्येकाला घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगितली. सत्रापुरती. कुठं चीर आहे, कुठं गंज आहे, पाहून नीट वर्णन लिहायचं, मग घरी परत न्यायची. आमच्या वर्गातला एकजण कायम गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरतो, त्याला आम्ही मीटर म्हणतो. त्यानं आजोबांची कुबडी आणली. कुणी बंद पडलेलं गजराचं घड्याळ आणलं. मी बाबांना पेटी मागितली. मला वाटलं नाहीच म्हणतील. ते म्हणाले, "न्यायची तर ने. झाकणाला धरून उचलू नकोस, बिजागरी सैल आहे." झालं, एवढंच.

मी ती मांडीवर घेऊन रिक्षातून नेली. उघडल्यावर सगळे टेबलाभोवती जमले. जांभळं मखमल, त्यात खाचांच्या रांगा, प्रत्येक खाचेत गोल काच, तिला धातूची कड आणि धरायला इवलासा कान. आपल्याला रोज बघून काही वाटायचं नाही. मीटर म्हणाला, "ही पियानोसारखी दिसते." सर कधी कुणाच्या कामावर दोन मिनिटांच्या वर थांबत नाहीत, तेही थांबले. खरं सांगू? त्या वर्षात मला पहिल्यांदाच वाटलं की मी योग्य जागी आलेय.

पुढे परीक्षेच्या गडबडीत पेटीतल्या काचांवर संग्रहालयाचे कायमचे क्रमांक पडले. म्हणजे चुकून पडले. आमच्याकडे नियम असा की उसनी आलेली वस्तू असेल तर दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. वस्तूवर शाई लावायची नाही. शाईचा क्रमांक फक्त संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूला. आणि एकदा तो पडला की वस्तू संग्रहालयाची. बाहेर काढायची तर समितीपुढं जावं लागतं.

सरांना मी तेव्हाच म्हटलं, "सर, ही चूक आहे, पेटी आमची आहे."

"चूक आहे हे मला कळतं. तुला कळतं. समितीला कळवावं लागेल."

"समिती कधी बसते?"

"बसते तेव्हा बसते."

हे एप्रिलमध्ये. आता ऑगस्ट संपत आला. समिती अजून उभीच आहे. म्हणून तुला लिहिलं की मिळणार नाही. आता कळलं ना? तर जरा दम धर.

धाकटी


१२ सप्टेंबर

दादा,

"चुकून पडले म्हणजे काय? पाऊस पडला का? कुणी टाकले?" असं विचारलंयस. वकील व्हायला हवं होतंस.

मी टाकले.

बस. लिहून टाकलं. आता पुढचं ऐक, आणि मध्ये "वाटलंच" म्हणू नकोस.

परीक्षेत प्रश्न असा होता की बरेच भाग असलेल्या वस्तूवर क्रमांक घालून दाखवा. संग्रहालयाकडे तशी वस्तूच नव्हती. एक बुद्धिबळाचा पट होता, त्याचा वजीर आणि निम्मी प्यादी बेपत्ता. बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या, सर घाईत होते, म्हणाले, "कुणाकडं आहे का काही?" आणि मी उंटावरची शहाणी, पेटी पुढं केली. आधी पारदर्शक व्हर्निशचा थर, तो वाळला की बारीक टोकाच्या पेनानं क्रमांक, त्यावर आणखी एक थर. प्रत्येक काचेच्या कानामागे, नखाएवढ्या जागेत. शेजारचे विद्यार्थी तीन-तीन भाग करून थांबले होते. मला थांबवेना. इतकं सुंदर होत होतं, दादा. वर्षभर रिकामे खोके उचलल्यावर हातात पहिल्यांदा खरं काम आलं होतं. सगळ्या काचा झाल्यावर मी पेटीच्या तळालाही घातला.

परीक्षक भिंग लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असं सुबक काम मी विद्यार्थ्याचं पाहिलेलं नाही." मी पहिली आले. पेटी इतर वस्तूंबरोबर कपाटात गेली, आणि दुसऱ्या दिवशी दात घासताना माझ्या लक्षात आलं की चिठ्ठी बांधायची होती. दोरा. साधा दोरा. हा धडा पहिल्या आठवड्यातला. मीटरनं कुबडीला तीन दोरे बांधले होते.

तेव्हापासून मी अर्ज करतेय. पहिला अर्ज हरवला. दुसरा सापडला, पण त्यावर "वस्तू परत मिळण्याबाबत" असं मी लिहिलं होतं, आणि कारकून म्हणाले, "परत कशी? ती गेलीच नव्हती, आलीय." तिसऱ्या वेळी सर म्हणाले की असा प्रसंग विभागात आधी आलेला नाही, त्यामुळे पद्धत ठरायची आहे. सव्वा वर्ष आम्हाला वस्तू आत कशी आणायची ते शिकवलं. बाहेर कशी काढायची यावर एक तास नाही. मी सरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "बाहेर काढायच्या असत्या तर संग्रहालय कशाला बांधलं असतं?" याच्यावर काय बोलणार? कपाळ?

आता तुझ्या पत्राच्या मागच्या पानाबद्दल. ते मी चार वेळा वाचलं.

तू त्या गावोगावी शाखा असलेल्या चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडलीस हे आम्हाला ठाऊक नव्हतं. स्वतःचं छोटं दुकान टाकलंस, हेही नाही. आणि तू लिहिलंयस: "मशीन नंबर सांगतं. पण परवा एक म्हातारी म्हणाली, नंबर बरोबर असेल रे बाळा, पण मला जिना उतरताना भीती वाटते. तेव्हा माझ्या हातात तिला 'आता कसं वाटतंय' विचारायला काही नव्हतं. नवीन पेट्या मिळतात. मला ती हवी आहे."

दादा, हे तू मला का लिहिलंस? हे वाक्य माझं नाही. ज्यांचं आहे ते खाली अर्ध्या शटरमागे बसलेले असतात.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. विचारलं नाही तुला, सरळ दाखवलं. ते फ्रेम पुसत होते. म्हणाले, "म्हातारीला वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारी काच दिली असेल. पायरी फुगीर दिसते त्यात." हातातली फ्रेम उजेडात धरून बघितली. मग, "भाडं किती आहे म्हणे दुकानाचं?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी फडकं झटकलं.

समितीची तारीख लागलीय. पेटीच्या मालकानं येऊन तोंडी सांगायचं, दिली होती की उसनी दिली होती. उसनी म्हटलं की सुटली. मालक बाबा. एक शब्दाचं काम आहे. पेटी तुला मिळेल, मी बघते.

धाकटी


३ ऑक्टोबर

दादा,

मी बघते म्हणाले होते. बघितलं.

जिन्यावर मी बाबांना तीनदा सांगितलं, "एकच शब्द, बाबा. उसनी." तिन्ही वेळा ते "हं" म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन मजले चढून दम लागला, तर व्हरांड्यातल्या कपाटापाशी थांबून त्यांनी पेंढा भरलेल्या घुबडाकडे बघितलं आणि म्हणाले, "याचे डोळे काचेचे आहेत. वेगवेगळ्या मापाचे बसवलेत." मला वाटलं, मूड बरा आहे.

समिती म्हणजे लांब टेबल, थंड चहा आणि पाच माणसं. अध्यक्षबाई निवृत्त ग्रंथपाल आहेत, शांत, समोरच्याकडे बघून बोलतात. मीटरला इतिवृत्त लिहायला बसवलं होतं. पेटी मधोमध ठेवलेली. बाबांनी ती वर्षानंतर पाहिली. हात पुढे केला, सर म्हणाले, "कृपया स्पर्श नको." बाबांनी हात मागे घेतला. 

अध्यक्षबाईंनी विचारलं, "काका, ही पेटी तुम्ही संग्रहालयाला दिलीत, की मुलीला अभ्यासापुरती उसनी दिलीत?"

बाबा म्हणाले, "दिली."

मी म्हटलं, "बाबा!"

"म्हणजे देणगी म्हणून?" बाईंनी विचारलं.

"दिली म्हणजे दिली. माझ्या मुलाची तशी इच्छा होती."

"मुलाची? पण अर्जात तर लिहिलंय की मुलगा परत मागतोय."

"आता मागतोय. तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, 'बाबा, ती पेटी आता म्युझियममध्ये नेऊन ठेवा.' ठेवली. आमच्या घरात मुलांचं ऐकतात."

 मीटरनं पेन वर करून विचारलं, "हे लिहू का?"

"हे नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "काका, घाई नाही. महिनाअखेरीला पुन्हा बसतोय. तेव्हा मी हाच प्रश्न परत विचारीन. त्या वेळचं उत्तर शेवटचं."

तुझं ते म्युझियमचं वाक्य मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तू ते बोललास तेव्हा मी काउंटरवर होते, आणि खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं, कारण नुकतंच मी या कोर्सला जायचं मनात ठरवलं होतं. वाटलं, काय योगायोग. बाबांचं तोंड बघितलं तेव्हा हसू गिळलं. पण पेटी कॉलेजात नेताना मला ते आठवलंसुद्धा नाही, दादा, शपथेवर सांगते. आणि बाबांना ती देताना आठवलं होतं. "झाकणाला धरून उचलू नकोस" म्हणताना त्यांना आठवत होतं.

परत येताना रस्त्यात मी भांडले. लोक वळून बघत होते.

"एक शब्द सांगितला होता तुम्हाला!"

"मी खोटं का बोलू? दिली होती."

"मला दिली होती! अभ्यासाला! त्याला ती हवीय बाबा, त्यानं तोंडानं मागितलीय."

"कुणाकडं?"

"म्हणजे?"

"कुणाकडं मागितली? तुझ्याकडं. पेटी तुझी आहे का?"

मग ते भराभर पुढे चालायला लागले. जिन्यावर दमणारा माणूस रस्त्यावर मला ऐकेना.

आता मी तुम्हा दोघांना काय म्हणू? एकाला माफी मागायची आहे, तर तो पेटी मागतो, आणि तीही बहिणीकडं. दुसऱ्याला मुलगा हवाय, तर तो पेटी समितीच्या घशात घालतो. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि मध्ये मी, अर्ज लिहितेय. डिसेंबरात माझा प्रबंध द्यायचा आहे. त्याचा अजून विषयही ठरलेला नाही. सर म्हणतात, "तुझं लक्ष नाही." कुठून असणार? संग्रहालयात वस्तू बोलत नाहीत म्हणून सगळे वैतागतात. आमच्या घरात माणसं बोलत नाहीत, आणि वस्तूला फरफटत समितीपुढं आणतात.

मी पुन्हा बाबांना पटवणार नाही. तुझी वाक्यं वाचून दाखवणार नाही. त्यांची तुला लिहिणार नाही. हे शेवटचं. बैठक तीस तारखेला आहे, सकाळी. भांडार त्याआधी तासभर उघडं असतं. ओळखपत्र आण, दारावर दाखवावं लागतं. आपल्या बापाची पेटी बघायलासुद्धा.

आलास तर ये. नाहीतर नवीन पेट्या मिळतात.

धाकटी


९ नोव्हेंबर

दादा,

पेटीचं पार्सल कधी निघणार म्हणून तू दोनदा निरोप टाकलास. निघेल तेव्हा निघेल. बघ, मी समितीसारखी बोलायला लागले.

तू त्या दिवशी बाराची गाडी गाठायला बैठकीआधीच निघालास, त्यामुळे बैठकीचं तुला नीट कळलेलं नाही. अध्यक्षबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "उसनी." सर म्हणाले, "पण मागच्या बैठकीत आपण..." बाबा म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल." मीटरनं न विचारता लिहून टाकलं. पाच मिनिटांत संपलं. सात महिने मी ज्यासाठी चपला झिजवल्या ते पाच मिनिटांत! आनंद व्हायला हवा होता. मला फक्त कुणाला तरी चावावंसं वाटलं.

आणि संपलेलं नाहीच. पेटी बाहेर नेण्याआधी तिच्यावरचे सगळे क्रमांक निघाले पाहिजेत, नाहीतर जगाच्या पाठीवर कुठेही ती संग्रहालयाचीच ठरेल. काढायचे कुणी? ज्यानं घातले त्यानं. तेव्हा रोज दुपारी मी त्या आम्लाच्या वासात बसते, काडीला कापूस गुंडाळते, द्रावणात बुडवते आणि एकेका कानामागचं माझं सुंदर अक्षर पुसते. घालताना एक दुपार लागली होती. काढायला दहावा दिवस आहे. माझं व्हर्निश फार चांगलं बसलंय. काल परीक्षकबाई कशासाठी तरी आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "हे काय करतेस?" मी म्हटलं, "पहिला नंबर परत करतेय." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

पण प्रबंधाचा विषय मिळाला. आत आलेली वस्तू परत बाहेर कशी जाते. सर म्हणाले, यावर संदर्भ मिळणार नाहीत. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, सर.

आता जे सांगायला बसले ते. भांडारात तू काय बोललास ते तुला ठाऊक आहे. "बाबा, पेटी द्याल का मला?" तेही पेटीकडे बघत.  तुझा चष्मा घसरत होता, तू बोलताना दोनदा वर ढकललास, आणि बाबा म्हणाले, "आण इकडे तो." तू काढून दिलास. त्यानंतरचं तुला दिसलेलं नाही. चष्म्याशिवाय तुला समोरचा माणूस म्हणजे नुसता ढग. मला दिसलं, म्हणून लिहितेय.

बाबांनी चष्म्याची काडी अंगठ्यानं दाबली. तारेची फ्रेम, लगेच वाकली. एकदा सपाट टेबलावर ठेवून बघितली, दोन्ही काड्या टेकल्या. काम झालं. मग त्यांनी चष्मा हात लांब करून तुमच्या दोघांच्या मध्ये धरला आणि काच तपासतात तसा सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवला. काचेपलीकडे तू होतास. तुझ्या काचेतून सगळं लहान दिसतं. म्हणजे त्यांना तू केवढा दिसत असशील बघ. हात कापत होता, त्यामुळे तूही त्यात हलत असणार. काच तपासायला दोन क्षण पुरतात. बाबा बघतच राहिले. सरांनी घड्याळ बघितलं. बाबांचे ओठ असे घट्ट मिटले होते, लहानपणी तू पडून आलास की मलमपट्टी करताना मिटायचे तसे.

तू भलत्याच दिशेला बघत उभा होतास. म्हणालास, "झालं का, बाबा?"

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून नाही झालं."

धाकटी